चष्मेवाल्यांची ताई

शिवणबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा धडधडीत खोटं लिहिलं ते अडुसष्टाव्या वर्षी, शुश्रूषागृहाच्या काउंटरवर. नोंदवहीत नात्याचा रकाना होता. "फक्त नातेवाइकांनाच सोडतो हं, आजी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. बाईंनी लिहिलं, बहीण.

खरं तर ज्यांना भेटायला आल्या होत्या, त्या चष्मेवाल्यांच्या बाई कोणीच नव्हत्या. शाळेत तीस वर्षं मुलींना शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. दोन वर्षांपूर्वी चष्म्याची काडी मोडली म्हणून त्यांच्या दुकानात गेल्या. काडी दहा मिनिटांत बसली, बाई उठल्या तासाभराने. पुढच्या आठवड्यात चष्मा सैल होतोय म्हणून गेल्या, नंतर घट्ट होतोय म्हणून. तेव्हा चष्मेवाले म्हणाले, "बाई, त्या बिचाऱ्या चष्म्याला कशाला छळताय? नुसत्याच येत जा की."

चष्मेवाले विधुर, बाहत्तरचे. गुरुवारी दुकान बंद असे. त्या दिवशी दोघं बागेत फिरत, दुपारचा सिनेमा बघत. अहो-जाहो काही सुटलं नाही. "लेकीच्या कानावर घालतो एकदा," असं ते दर गुरुवारी म्हणायचे आणि लेकीचा फोन आला की हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायचे. मग ते न्हाणीघरात पडले. डोक्याला मार बसला. परगावची लेक धावत आली, दुकानाला कुलूप लावलं आणि वडिलांना इथे ठेवून गेली. बाईंना हे कळलं सतरा दिवसांनी, दुकानाशेजारच्या न्हाव्याकडून.

"आजोबा, तुमची ताई आलीय," नर्सने सांगितलं. चष्मेवाल्यांनी मान वळवली. डोळे हसले. "ये गं ताई," ते म्हणाले. नर्स गेल्यावर कुजबुजले, "ताई काय! शोभतं का हे?"

"मग काय लिहायचं होतं? गिऱ्हाईक?"

दोघं इतकी हसली की खाट करकरली.

नर्ससमोर बाईंना "अरे, जेवलास का?" असं म्हणावं लागे. दोन वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते आता खोट्याच्या आडून निघत होतं. बाईंना ते मनातून फार आवडायचं.

दुसऱ्या महिन्यात खोलीत कोणी नसतानाही ते ताईच म्हणू लागले. "पुरे झाली हो थट्टा," बाई म्हणाल्या. ते गोंधळून बघत राहिले. मग विचारलं, "ताई, आपली आई कधी येणार गं?"



आपण कोण ते त्यांना आठवावं म्हणून बाईंनी जिवाचा आटापिटा केला. काडीची गोष्ट रोज सांगितली. बघितलेले सिनेमे पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितले. ते ऐकून घेत, "हो का ताई?" म्हणत. एका सकाळी बाईंचा धीर सुटला. त्यांनी चष्मेवाल्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. "मी तुमची ताई नाही हो! मी शिवणबाई. माझ्याकडे बघा ना जरा!"

त्यांनी हात हिसडले. "कोण ही बाई? ताईला बोलवा! ताई!" ते ओरडत राहिले. दोन नर्स धावत आल्या आणि बाईंना बाहेर काढलं.

तिसऱ्या दिवशी लेकीने बाईंना बोलावून घेतलं. ती व्हरांड्यातच उभी होती. "बाबा एकुलते एक. त्यांना बहीणबिहीण कोणी नाही. कोण आहात तुम्ही?"

बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लेक बाकावर बसली.

"मला का नाही सांगितलं त्यांनी? मी काय खाणार होते का त्यांना?" मग डोळे पुसून म्हणाली, "दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. ताई ताई करताहेत नुसतं. तुम्ही येत जा. पण ताई म्हणून या. पुन्हा ते तसलं काही सांगू नका त्यांना."

"मग मी कोण उरले?"

"मला नाही माहीत हो. मला तरी कुठे ओळखतात ते? काल मला फी विचारत होते, डॉक्टर समजून."

बाईंनी मान डोलावली. आत जायची दुसरी वाटच नव्हती.

त्या दिवशी ते बाईंच्या हातून भात जेवले. तोंड पुसताना अचानक खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, कोणाला सांगणार नाहीस ना? एक बाई येतात दुकानात. शिवण शिकवतात. चष्म्याला काही झालेलं नसतं, तरी येतात." ते लाजून हसले. "मला त्यांना विचारायचंय, लग्नाचं. पण जीभच रेटत नाही. तू विचारशील?"

बाईंना लेकीचे शब्द आठवले. "विचारते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ते हे विसरले असतील असं बाईंना वाटत होतं. ते विसरले नव्हते. "काय म्हणाल्या?" बाई खोलीत शिरताच त्यांनी विचारलं.

"हो म्हणाल्या रे."

"खरंच? कधी येताहेत?"

"येतील."

त्यांनी नर्सकडून दाढी करून घेतली, इस्त्रीचा शर्ट मागून घातला आणि खुर्ची दाराकडे वळवून बसले. त्यानंतर रोज तेच. बाई येत, घास भरवत, पाय चेपत. ते त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहत.

एकदा बाई समोर स्टूल घेऊन बसल्या. काही न बोलता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, हा माणूस एकदा तरी आपल्यावर नजर थांबवील म्हणून.

"जरा बाजूला हो ना ताई," ते म्हणाले, "मला दार दिसत नाहीये."