बुजवलेली दारं

आमची चाळ नदीपासून दोन गल्ल्या आत होती. खाली सात खोल्या, वर सात. बाहेरून पत्रा, आतून लाकडी फळ्या, मधे फरशीचं अंगण आणि अंगणात कपडे धुवायच्या दोन दगडी कुंड्या. मी खालच्या तीन नंबरमध्ये राहायची, लोकांचे कपडे इस्त्री करून पोट भरायची. माझ्या बरोबर डोक्यावर दहा नंबर, तिथे देओलिंदा म्हातारी; पोरं तिला मानाने दोन्या देओलिंदा म्हणत. तिच्या शेजारी अकरा नंबरमध्ये निमिया आणि तिची मुलगी लुखान. म्हातारी आणि निमिया दोघी पॅराग्वेच्या. भांडायचं झालं की ग्वारानीत, त्यांच्या तिकडच्या बोलीत, भांडत, म्हणजे आम्हाला कळू नये. पण हातवारे इतके करत की सगळं कळायचं.

निमियाचा नवरा दक्षिणेला तेलाच्या कामावर गेला आणि तिकडचाच झाला. तेव्हा लुखान दीड वर्षाची होती. निमिया हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला, पहाटे पाचची पाळी. पोर झोपलेली असतानाच तिला निघावं लागे. म्हणून साडेसहाला देओलिंदा दोन्ही खोल्यांमधल्या फळीवर आपल्या बोटातल्या अंगठीने ठोकायची. तीनदा. लुखान उठायची, तोंड धुवायची आणि म्हातारीकडे जाऊन गरम चिपा, म्हणजे चीजचा पाव, खायची. मग म्हातारी तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायची. पोर बालवाडीत जायला लागल्यापासून चार वर्षं असंच चाललं होतं.

मग मालक वारला आणि त्याच्या पोरांनी चाळ एका कंपनीला विकली. कंपनीने भाडं घेणंच बंद केलं. आम्ही द्यायला जायचो तर ऑफिसातला माणूस हात मागे बांधून बसायचा. सहा महिन्यांनी भाडं थकवलं म्हणून नोटिसा आल्या. कुणी घाबरून गेलं, कुणी थोडेफार पैसे घेऊन गेलं. एक खोली रिकामी झाली की त्याच दुपारी मिस्त्री यायचा आणि दार-खिडकी विटांनी बुजवून टाकायचा, परत कुणी घुसू नये म्हणून. चुना-रंग काही नाही. नुसत्या लाल विटा, आणि सांध्यांतून बाहेर आलेलं सिमेंट. संध्याकाळी अंगणात उभं राहिलं की त्या दारांकडे पाठ करायला नको वाटायचं.

देओलिंदाची पाळी मे महिन्यात आली. तिचा भाचा तिला न्यायला आला होता. ती कुंडीच्या कडेवर बसून राहिली, उठेना. लुखान तिच्या मांडीला बिलगून होती.

"तू आतच बस ना," लुखान म्हणाली. "मग ते काय करतील?"

"खरंय गं," म्हातारी म्हणाली. "आत माणूस असेपर्यंत दार बुजवत नाहीत. पण मला आता बसवत नाही बाळा. माझे गुडघे गेले."

हे बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नाही.

ती गेली आणि तासाभरात दहा नंबर बंद झाला. तिची लोखंडी खाट आतच राहिली. भाच्याच्या गाडीत मावली नाही.

आता निमियाला प्रश्न पडला, पोरीला उठवायचं कोणी? मी म्हटलं, "मी वर येऊन हाक मारीन." पण पहिल्याच दिवशी मी जिना चढले तर लुखान वेणी घालून, दप्तर घेऊन दारात उभी. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "कोण उठवतं गं तुला?"

"दोन्या देओलिंदा."

"ती तर गेली."

"ठोकते की. तीनदा."

मी हसले, पण जिना उतरताना कठड्याला घट्ट धरून उतरले. निमियाला सांगितलं तर ती वैतागली. "सुल्मा, तू आणि तुझी भुतं! पोरीला सवय आहे त्या वेळेची. जाग येते आणि तिला वाटतं ठोकलं."

मलाही ते पटलं असतं. पण दुपारी इस्त्री करताना माझ्या डोक्यावर, त्या बंद खोलीत, कुणीतरी चालल्यासारखं वाजायचं. हलकं पाऊल. मग खाटेची स्प्रिंग कुरकुरल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मी इस्त्री उभी करून वर बघत राहायची. एकदा एका साहेबांचा शर्ट त्या नादात जळाला.

जूनच्या शेवटी देओलिंदाचा भाचा एका कागदासाठी आला आणि त्याने सांगितलं, म्हातारी गेली. इथून नेल्यावर तीन आठवडेही काढले नाहीत. जेवण सोडलं होतं. शेवटी शेवटी पलंगाच्या लाकडावर अंगठी आपटत राहायची, नर्स कंटाळल्या होत्या.

निमिया कुंडीवर कपडे पिळत होती. तिचे हात तिथेच थांबले.

त्यानंतरच्या रविवारी तिला सुट्टी होती. सोमवारी ती माझ्याकडे आली. मी माते केला, आमचा तो तुंब्यातून नळीने ओढायचा कडू चहा, आणि तिच्यासमोर ठेवला.

"काल मी ऐकलं," ती म्हणाली.

"काय?"

"साडेसहाला. तीन ठोके. लुखान माझ्या कुशीत होती, सुल्मा. गाढ झोपेत. तिचे दोन्ही हात माझ्या हातात होते."

वाऱ्याने पत्रा तडतडत होता, नळाच्या जुन्या पाइपात हवा गुरगुरत होती. कशाचाही आवाज असू शकतो, असं मी म्हटलं. तिने मान हलवली. मग त्याच आठवड्यात तिला खोली खाली करायची तारीख मिळाली. जुलैची अठरा, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा.

तिने काय केलं नाही! वकिलाकडे गेली, पालिकेच्या खिडकीसमोर दोन दिवस रांगेत उभी राहिली, खोल्या पाहिल्या. मूल आहे म्हटल्यावर घरवाले आधी तिच्याकडे आणि मग तिच्या मागे बघायचे, नवरा कुठे आहे म्हणून. एकीने तोंडावर सांगितलं, "बाई, एकटी बाई ठेवली की महिन्याने रडगाणं ऐकावं लागतं." पालिकेने एका हॉटेलातली खोली देऊ केली, पण ऑगस्टपासून. मधले दिवस कुठे काढायचे ते कुणी सांगेना.

अठराला सकाळी आठ वाजता ते आले. बेलिफ, दोन पोलीस, सामान उचलणारे तिघं, आणि मिस्त्री. मिस्त्री बोलिव्हियाचा होता, नाव सेनोन. आमची सगळी दारं त्यानेच बुजवली होती. ठेंगणा, अबोल माणूस, कुणाच्या डोळ्याला डोळा न देणारा. धुकं इतकं होतं की ट्रक गल्लीत उभा होता आणि दारातून दिसत नव्हता. इंजिन चालूच ठेवलं होतं, थंडीत बंद केलं तर परत सुरू होत नाही म्हणे.

निमिया भांडली नाही, रडली नाही. पोलिसाला म्हणाली, "भांडी मी उचलीन. तुम्ही आदळाल." शाळेला हिवाळ्याची सुट्टी होती. लुखानला तिने माझ्या खोलीत बसवलं होतं आणि मी जवळच्या दुकानात पाव आणायला गेले होते. परत आले तर खोली रिकामी. मला वाटलं, आईजवळ गेली. निमियाला वाटत होतं, ती माझ्याजवळ आहे. सगळं सामान फुटपाथवर येईपर्यंत आम्हा दोघींना कळलंच नाही की ती कुणाजवळच नाही.

"लुखान!" निमियाची ती हाक मी विसरणार नाही. आधी चिडलेली, मग तशी राहिली नाही. ती शाळेकडे धावली, तिथून चर्चकडे, तिथून नदीच्या धक्क्याकडे. एक पोलीस तिच्यामागे गेला. मला म्हणाली, "तू सामानाजवळ थांब. आली तर धरून ठेव."

मी थांबले. बेलिफ बाहेर गाडीत बसून कागद भरत होता. वर सेनोन कामाला लागला. पोर सापडत नाही म्हणून दार थांबत नव्हतं, त्याला दुपारी दुसऱ्या चाळीत जायचं होतं. थापीचा आवाज खाली येत होता. विटेवर टकटक, मग खरवडणं, मग परत टकटक. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तो आवाज थांबला.

सेनोन सज्जातून वाकून म्हणाला, "ओ बाई. जरा वर या."

मी गेले. अकरा नंबरच्या दारात भिंत माझ्या हनुवटीपर्यंत आली होती. तिच्यावरून आतला अंधार दिसत होता. निमियाचं जुनं कपाट तेवढं आत उरलं होतं. ते खोलीतच ठोकून बनवलेलं, दारातून बाहेर निघत नव्हतं, म्हणून हमालांनी ढकलून दहा नंबरच्या फळ्यांना टेकवून ठेवलं होतं.

"ऐका," तो म्हणाला.

मी ऐकलं. दहा नंबरमधून, त्या बंद खोलीतून, तीन ठोके.

मी छातीवर क्रुसाची खूण केली. मला म्हातारी दिसली, पलंगाच्या लाकडावर अंगठी आपटणारी. आणि मी जे बोलले ते बोलले. आज ते लपवून उपयोग नाही.

मी म्हटलं, "लक्ष देऊ नका. ती मेलेली बाई आहे. घाला वीट आणि संपवा एकदाचं."

सेनोनने माझ्याकडे पाहिलं. त्याने कुणाकडे नीट पाहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. परत तीन ठोके आले, या वेळी हलके.

"मेलेली माणसं थकत नाहीत, बाई," तो म्हणाला. "हे जे कोण आहे ते थकलंय."

त्याने दोन्ही हात ओल्या भिंतीवर ठेवले आणि सगळं अंग घालून ढकललं. विटा आत कोसळल्या. तो त्यांच्यावरून गेला, कपाट खांद्याने सरकवलं. मागे एक फळी सैल होती, एका खिळ्यावर लोंबकळणारी. तिच्या फटीतून त्याने हात घातला आणि बाहेर काढली ती लुखान. ओठ निळे पडलेले, केसांत जाळी, एका मुठीत घराची किल्ली.

मी सज्जातच खाली बसले.

नंतर हळूहळू कळलं. म्हातारी गेल्यापासून पोर रोज दुपारी त्या फळीतून पलीकडे जायची आणि तिच्या खाटेवर बसायची. माझ्या डोक्यावर चालत होती ती तीच. त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं होतं, आत माणूस असेपर्यंत दार बुजवत नाहीत. आपण आत राहिलो की घर राहील. मग कपाट फळीवर आलं आणि अंधार झाला. ओरडली का नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "ओरडले असते तर पोलिसांना कळलं असतं. मी आपल्या माणसांना कळेल असं ठोकलं."

आपली माणसं म्हणजे कोण, ते मला विचारावं लागलं नाही.

निमियाच्या कुशीत ती त्या रविवारी झोपलेली असताना कोण ठोकत होतं, ते मात्र आम्हाला कधीच कळलं नाही. लुखानही सांगू शकली नाही.

बेलिफ वर आला तेव्हा निमिया धक्क्यावरून परतली होती आणि सेनोन हात धूत होता. बेलिफ म्हणाला, "ही भिंत परत कधी घालणार?"

"मी नाही घालणार," सेनोन म्हणाला. "आणि यापुढे कुठलीच नाही." त्याने थापी पिशवीत टाकली आणि त्या दिवसाची मजुरी न घेताच निघाला. जिन्यात थांबून निमियाला म्हणाला, "ताई, नदीपलीकडे माझ्या वहिनीची मागची खोली आहे. पावसात गळते. पण वहिनी प्रश्न विचारत नाही."

निमियाने त्याच्याकडे पाहिलं. भिंती घालणारा तोच माणूस. मग म्हणाली, "गळती मी बघून घेईन."

ट्रकवाल्याला पाझर फुटला असावा. त्याने सामान गोदामात न नेता पुलापलीकडे सोडलं.

त्याला आता नऊ वर्षं झाली. निमिया अजून त्याच खोलीत आहे. वहिनी वारली, घर सेनोनच्या नावावर आलं, त्याने छप्पर नवं घातलं. तो आता बागांतली कामं करतो. माझी खोली पुढच्या वसंतात गेली. मी बहिणीकडे राहते आणि महिन्यातून एकदा पुलावरून चालत त्यांच्याकडे जाते. लुखान उंच झाली आहे, शिकते, हसते. पण घरात एकही दार लावलेलं तिला चालत नाही, न्हाणीघराचंसुद्धा. पडदे आहेत सगळीकडे. हिवाळ्यात वारा या टोकाकडून त्या टोकाला वाहतो. निमिया कोट घालून स्वयंपाक करते, तक्रार करत नाही.

ती मला नेहमी एकच विचारते. लुखान बाहेर गेली की विचारते. त्या दिवशी ती धक्क्यावर होती, तिने ती भिंत पाहिली नव्हती. परत आली तेव्हा नुसता विटांचा ढीग होता.

परवाच्या रविवारीही विचारलं. माते माझ्या हातात देत म्हणाली, "सुल्मा, खरं सांग. किती वर आली होती?"

सेनोन समोर बसून मटार सोलत होता. त्याने मान वर केली नाही. नऊ वर्षांत माझ्याबद्दल त्याने तिला एक शब्द सांगितलेला नाही. त्याचे उपकार मी कसे फेडणार ते मला कळत नाही, आणि तो सांगून टाकील तर बरं असंही कधी कधी वाटतं.

"गुडघ्याइतकी," मी म्हटलं. "दोन-चार थर फक्त. तेवढ्यात थांबला तो."

"गुडघ्याइतकी," ती म्हणाली, आणि माझ्याकडून रिकामा माते परत घेतला.