मुकादमाची मोजणी

मुकादम तिसऱ्यांदा उलटा पळाला, तेव्हा आम्ही अर्धी वाटही चढलो नव्हतो.

“बाबा, त्याला पट्टा लावा आता,” लेक म्हणाली.

“जन्मात लावून घेतला नाही त्यानं. येईल.”

तो आला नाही. ऊन तापत होतं आणि पाण्याची एकच बाटली उरली होती.

मुकादम आमचा कुत्रा. वय अकरा, एक कान कायमचा पडलेला. नाव हिनं ठेवलेलं. ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले. चालताना मुकादम पुढच्यापासून मागच्यापर्यंत सारखा धावायचा, सगळी माणसं आहेत की नाहीत ते बघायचा, म्हणून मुकादम. मी निवृत्त झाल्यावर पाव वाटायची जुनी व्हॅन घेतली, आत फळ्यांचा पलंग ठोकला, आणि दर हिवाळ्यात आम्ही तिघं या वाळवंटात यायला लागलो. रात्री व्हॅनशेजारी तंबू, सकाळी समोरचा खडकाळ डोंगर आणि माथ्यावर चहा, असा माझा शिरस्ता.

मी नाकासमोर चालणारा माणूस. ही मागून यायची. “तुम्ही व्हा पुढे, मी आलेच,” म्हणायची. मी थर्मास घेऊन माथ्यावर बसायचो. मुकादम शेपटी हलवत आला की समजायचं, बाईसाहेब येताहेत. मागे वळून बघायचं काम मी कुत्र्यावर सोपवून मोकळा झालो होतो. बाईसाहेब पोचल्या की चहा निवला म्हणून वर कुरकूर करायचो.

यंदा तिच्या नावानं एकदा माथ्यावर चहा प्यायचा, एवढ्यासाठी लेकीला रजा काढायला लावून आलो होतो. आणि कुत्रा वर यायलाच तयार नव्हता.

शेवटी मीच उलटा उतरलो. मुकादम एका चपट्या दगडापाशी बसला होता. मला बघून उठला, थोडं चढला आणि काटेरी झुडपाच्या सावलीत पुन्हा बसला. मी हाक मारली तशी परत उठला. पुढे कोरडा ओढा, तिथं बसला. मग एक कलता खडक. प्रत्येक ठिकाणी तो जरा थांबायचा, बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघायचा आणि मगच उठायचा. या चौथ्या थांब्यावर, खडकाच्या कपारीत मला औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट दिसलं. उन्हानं पांढरं पडलेलं.

“तुला माहीत होतं?” मी मागोमाग आलेल्या लेकीला विचारलं.

तिनं पाकीट उचललं. “आईनं शपथ घातली होती. छातीत दुखतं कळलं तर तुम्ही इथं यायचं बंद कराल म्हणाली. ‘चाळीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात काढलीत त्यांनी, त्यांना हे आभाळ बघू दे.’”

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आमच्याकडे ठेच मागचीला लागत राहिली आणि पुढचा शहाणा झालाच नाही. लोकांना जिने चढावे लागू नयेत म्हणून मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. नुसत्या आवाजावरून सांगायचो, कोणता दोर झिजलाय. आणि घरच्या माणसाचा श्वास मला ऐकू आला नाही. मला राग आला, तिचा, लेकीचा, त्या मुक्या जनावराचासुद्धा. मग राग कुठं ठेवावा तेच कळेना. मी खडकावर बसलो आणि पोरीसमोर रडलो.

तिनं पाणी दिलं. “चला बाबा. थोडंच राहिलंय.”

“तू हो पुढे. थर्मास घेऊन जा.”

ती चढू लागली. त्या खडकावरून माथा दिसत नव्हता. दिसत होती ती फक्त वाट आणि पुढं जाणाऱ्याची पाठ. सात हिवाळे हिनं इथं बसून माझी पाठ बघितली होती.

वळणावर लेक थांबली आणि मागे वळली. मी कधी वळलो नव्हतो.

“येताय ना?”

“आलोच,” मी म्हणालो.

मुकादम धावत तिच्यापर्यंत गेला, तिला हुंगून परत आला, त्यानं मला हुंगलं. मग खालच्या वाटेकडे तोंड करून माझ्या बुटांपाशी बसला, आणि बसूनच राहिला.