सहा मिलिमीटर

कर्कटकाची दोन टोके बोटावर टेकवली, तर निरोगी माणसाला दोन मिलिमीटर अंतरावरही ती दोन असल्याचे कळते. प्रोफेसर एगिडियस क्लेवे यांनी त्या सकाळी स्वतःचे डोळे मिटून मला, त्यांच्या सहायक डॉक्टरला, ही चाचणी घ्यायला लावली. सहा मिलिमीटरपर्यंत ते 'एक' म्हणत राहिले.

"कुणाला बोलू नका," ते म्हणाले.

हात निर्जंतुक करायच्या कार्बॉलिक आम्लाने आमच्या रुग्णालयातले ज्वराचे मृत्यू थांबवले होते. मात्र सात वर्षे रोज त्यात बुडणारी बोटे बधिर झाली होती. आणि पोटातले पाहायला आमच्याजवळ बोटांखेरीज काही नव्हते.

अर्ध्या तासाने ओटिली हेंकेलचे पोट उघडायचे होते. पाववाल्याची बायको, वय एकेचाळीस, अठरा वर्षांत मूल नाही, रक्तस्राव अनियमित. निदान गर्भाशयातल्या गाठीचे, आणि ते याच बोटांनी केलेले. गाठीऐवजी गर्भ निघाला, तर आम्ही मूल मारणार होतो, बहुधा आईही. मी नळी लावून दोनदा ऐकले. ठोका नव्हता, पण चौथ्या महिन्यात तो ऐकू येतोच असे नाही. तरी मी हत्यारे मांडली.

"काढाल ती गाठ तोलून ठेवा, डॉक्टर," टेबलाची कड घट्ट धरून ओटिली म्हणाली. "आमच्याकडे कणकेचा गोळासुद्धा तोलल्याशिवाय भट्टीत जात नाही."

क्लोरोफॉर्मची बाटली उघडली गेली. प्रोफेसरांनी पोटावर हात ठेवला, आणि तो तिथेच राहिला. समोर वीस विद्यार्थी होते.

"वालबुर्गाबाई, तुम्ही पाहा."

मुख्य सुईण हात पुसत पुढे आली. "तेवीस वर्षं मला भिंतीशी उभं केलंत, साहेब. आज बोलावताय, म्हणजे काहीतरी बिघडलंय."

"बिघडलंय. माझ्या हाताला कळत नाही."

तिने तळवा नुसता टेकवला; दाबला नाही. घड्याळात सहा मिनिटे गेली.

"आता घट्ट झालं." मग बऱ्याच वेळाने, "आता सैल. गाठी असं करत नाहीत."

मी हात ठेवून आठ मिनिटे थांबलो. तिचे खरे होते: आवळून सैल होणाऱ्या त्या गर्भाशयात मूल होते.

"काय झालं?" ओटिलीने विचारले. "तोलणार नाही?"

"तोलू की, पाच महिन्यांनी," वालबुर्गा म्हणाली. "तोवर फुगू दे."

प्रोफेसरांनी दुसऱ्या हातातली सुरी खाली ठेवली. ती त्यांनी पुन्हा कधी उचलली नाही.

दुपारी मी वालबुर्गाच्या हाती कर्कटक दिले आणि डोळे मिटून बोट पुढे धरले.

"किती टोकं?"

"एक."

मी डोळे उघडून अंतर मोजले. चार मिलिमीटर.