पुजलेली सायकल

मी धाकलूची सायकल बोलतेय. गोड बोलेन अशी आशा धरून बसला असाल, तर आत्ताच उठा.

कसाऱ्याला रेल्वेतल्या एका फिटरनं मला बरीच वर्षं नीट वापरलं. दर रविवारी तेलपाणी, पावसात वर ताडपत्री. नोकरी संपली तसा तो मला घेऊन टोकावड्याजवळच्या आपल्या गावी परतला आणि तिथं धाकलूनं मला पाहिलं. पाहिलं आणि खुळावलाच. घरात फुटकी कवडी नव्हती, म्हणून त्यानं म्हशीची पारडी देऊन मला आणलं. पारडी त्याच्या बायकोच्या, हिरीच्या माहेरची होती. हिरी कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि मी मनातून तिच्याच बाजूची होते.

हौस मोठी आणि खिसा फाटका. ट्यूब गेली की हा टायरात भाताचा पेंढा कोंबायचा. साखळीला करंजाचं तेल. ब्रेक म्हणजे त्याची चप्पल, पुढच्या चाकावर दाबलेली. उतारावर "बाजू, बाजू" असा ओरडत सुटायचा, कारण थांबणं त्याच्या हातात नसायचं. ओढा लागला की मला चिखल नको म्हणून खांद्यावर घ्यायचा. सिद्धगडाकडच्या वाटेवर तर तो माझ्यावर कमी बसला आणि मीच त्याच्यावर जास्त. चिडायची मी, पण खोटं कशाला बोलू, इतका जीव त्या फिटरनंही लावला नव्हता.

दिवाळी झाली, भात झोडून झालं की दोघं दाराला कुलूप लावून वीटभट्टीवर जायची. धुरानं हिरीचा दम कोंडायचा. तिला ती भट्टी नको झाली होती. अशात कळलं की टोकावड्याला रस्त्याच्या कामावर निरोप पोचवायला बारमाही माणूस हवाय. अट एकच, सायकल घेऊन हजर व्हायचं. मुकादमानं दिवस दिला तो नेमका खंडेनवमीचा.

खंडेनवमीला आमच्याकडे विळा, कोयता, नांगराचा फाळ धुऊन पुजतात, आणि पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी कामाला लावत नाहीत. धाकलूनं सकाळीच मला आंघोळ घातली, हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूची माळ बांधली. मी हुरळले. वाटलं, नवरीसारखी सजवून नेतोय मला. आणि हा शहाणा पायात वहाणा सरकवून एकटाच निघाला.

हिरी दारात आडवी आली. "सायकल न्या. देव कोपला तं माज्यावर कोपू दे."

"पुजलेली हाय गो ती, आज चालवायची नाय. घरी सायकल हाय म्हनून सांगतो ना मुकादमाला."

मुकादमानं ऐकून घेतलं नाही. संध्याकाळी धाकलू मान खाली घालून सांगत होता आणि मी भिंतीला टेकून ऐकत होते. काम शेजारच्या गावच्या गोजरला मिळालं. या गोजरला सायकल चालवताच येत नाही. मुरबाडहून भाड्याची आणून तो ती हातानं ढकलत गेला होता. मुकादमानं सायकल बघितली आणि त्याचं नाव लिहून घेतलं, संपलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे मेल्या, ओढ्या-नाल्यातून मला खांद्यावर मिरवलंस, तो खांदा त्या दिवशी कुठे गहाण पडला होता? चालवू नको म्हणे! ढकलत तरी न्यायची होतीस. हिरीनं भट्टीवर न्यायची भांडी काढून घासायला घेतली.

ती दोघं गेली, परत आली, पुन्हा गेली. मी आढ्याला टांगलेली. धाकलूला माझ्यावर बसायची लाज वाटायला लागली, पण पूजा चुकली नाही. नवमीला मला खाली काढतो, माळ घालतो आणि हात जोडून म्हणतो, यंदा तरी भट्टी चुकव. ज्या दिवशी चुकवता आली असती, त्या दिवशी यानंच मला बसवून ठेवलं, आणि आता माझ्याकडेच मागणं मागतोय!

आज पुन्हा नवमी आहे. गेल्या भट्टीहून हिरी खोकला घेऊन आलीय. काल रात्रभर बसून होती, पाठ टेकवेना. सकाळी धाकलूनं मला पुजलं आणि तिला म्हणाला, उद्या नेतो मुरबाडला, डागदराकडं.

हिरी उठली. भिंत धरत माझ्यापाशी आली. माळ तोडून तिनं बाजूला टाकली आणि पदरानं हँडलवरचं हळदकुंकू खसाखसा पुसून काढलं.

"आता तं नाय ना पुजलेली?" ती म्हणाली. "चला."

ती मागच्या कॅरिअरवर बसलीसुद्धा. तिचा खोकला माझ्या सगळ्या सांगाड्यात हलतोय. धाकलू अजून उंबऱ्यातच उभा आहे. मला स्वतःला पेडल मारता येत नाही, नाहीतर मी केव्हाच निघाले असते.