जळतंय ते माझ्या दारात

मी एक जुनी झडप आहे. मित्रांनो, झडप म्हटल्याबरोबर तुमचा हात हृदयाकडे गेला ना? बघा! माझं दुखणं इथूनच सुरू होतं. हृदयाला चार झडपा आहेत आणि त्यांची चित्रं दवाखान्याच्या भिंतीवर लागतात. मी त्यांच्या शेजारीच, जरा खाली राहते. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथली स्नायूंची कडी म्हणजे मी. माझं चित्र कुणी लावत नाही.

माझा मालक फरशी बसवतो. त्याला सगळे थोरला म्हणतात, कारण त्याच्या पाठचा धाकटा त्याच्याच जोडीने काम करतो. मी थोरल्याच्याच वयाची. माझं काम एकच, घास आला की उघडायचं आणि घास गेला की मिटायचं. खाली जठरात आम्ल असतं. ते जंतू मारतं, अन्न पचायला मदत करतं. जठराला आतून चिकट अस्तर आहे, म्हणून ते आम्लात खुशाल बसतं. बिचाऱ्या अन्ननलिकेला तसलं अस्तर नाही. आम्ल वर चढलं की तिची आग होते. ते चढू नये म्हणून दारात मी उभी.

आता सांगा, “वा, काय घट्ट मिटलीय!” असं कुणी कधी म्हटलंय? जिभेला मात्र चव कळते म्हणून केवढा मान! आणि हृदयाचं तर विचारूच नका. प्रेम केलं हृदयाने, भरून आलं हृदय, दगड झालं तेही हृ

(ढेकर. माफ करा. मी मधेच सैल पडते आणि वाक्य तुटतं.)

पण माझी तरी काय चूक? थोरला दुपारी तळलेलं खातो, तेही कुणी पाठीमागे लागल्यासारखं. त्यावर काळा चहा, त्यावर सिगारेट. कमरेचा पट्टा करकचून आवळलेला. आणि हात धुतले की लगेच ओणवा होऊन फरशीवर. भरलेली घागर तिरकी केली, तर तिच्या झाकणाने किती तग धरा

(हे बघा. पुन्हा.)

तर त्या दिवशीची गोष्ट. नव्या वाचनालयाच्या मोठ्या दालनात काम चालू होतं. जेवण नुकतंच झालं होतं. मुकादम आला आणि म्हणाला, “मधलं फूल धाकटा बसवेल. हात चांगला बसलाय त्याचा.”

दगडी पाकळ्यांचं ते फूल म्हणजे दालनाचा मान. थोरल्याला आनंद झाला, खरा आनंद. शेजारी हृदय नाचायला लागलं, म्हणून मला कळलं. (नाचायचं त्याने, धक्के खायचे मी!) भावाची पाठ थोपटायच्या आधी तो हातातली थापी ठेवायला वाकला आणि मी सुटले. आम्ल वर गेलं. थोरल्याने छाती धरली.

“आई गं! जळतंय रे!”

“ऐकलंत का?” मुकादम हसला. “भावाला फूल मिळालं आणि याचं जळायला लागलं!”

सिमेंट कालवणारी मावशी म्हणाली, “लोकांच्या पोटात दुखतं, याचं छातीत. याचं सगळंच एक मजला वर!”

सगळे हसले. धाकटा हसला नाही.

“दादा, तुलाच हवं असेल तर घे ते फूल.”

“अरे, तसं नाही रे. खरंच जळतंय.”

“तेच म्हणतोय मी.”

मी आतून ओरडत होते, अरे, हा नाही, जळकी मी आहे! पण झडपेचं कोण ऐकतो?

फरशीची ओळ सरळ यावी म्हणून दोघे भाऊ दोरीची दोन टोकं धरत. दुसऱ्या दिवसापासून धाकट्याने थोरल्याकडचं टोक खिळ्याला बांधलं. खिळा दोरी धरतो, पण “जरा डावीकडे घे” म्हणत नाही. फूल कलायला लागलं. “हेच चाललं तर फूल दुसऱ्या जोडीला देईन,” मुकादमाने बजावलं.

इकडे थोरल्याची जळजळ थांबेना. शेवटी वहिनीने धाकट्याला गाठलं. “अबोला नंतर धरा. तुझ्या दादाच्या छातीत आग होतेय, चल आधी.”

डॉक्टरीणबाईंनी आधी हृदयच तपासलं. तारा लावल्या, कागद काढला. छातीचं दुखणं असलं की आधी तेच बघायचं असतं, हे मला मान्य आहे. तरी माझा तिळपापड झाला.

“हृदय ठणठणीत आहे,” बाई म्हणाल्या.

झालं! पुन्हा त्याचंच कौतुक!

“अन्ननलिकेच्या तळाशी एक झडप असते. ती सैल पडलीय.”

मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा कुणी माझं नाव घेतलं, आणि तेही तक्रारीत.

धाकट्याने विचारलं, “म्हणजे दादाचं खरंच जळत होतं?”

“हो. आम्लामुळे.”

“नुसतं आम्लामुळे?”

“मग आणखी कशाने जळणार?”

भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघे इतके हसले की वहिनीने डोक्याला हात लावला.

आता थोरल्याचा पट्टा ढिला असतो. जेवण थोडं, सावकाश. सिगारेट सुटली. दुपारी वाकायची वेळ आली की धाकटा म्हणतो, “दादा, तू उभा राहा, दोरी धर. वाकायचं मी बघतो.” कललेल्या पाकळ्या उचकटून पुन्हा बसवल्या. शेवटची पाकळी बसली तेव्हा धाकटा म्हणाला, “दादा, हे फूल दोघांचं,” आणि त्याने हात ठेवला कुठे? थोरल्याच्या हृदयावर! दोन बोटं खाली ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

मित्रांनो, जेवून लगेच आडवे होऊ नका, ओणवे होऊ नका. पोटाला श्वास घेऊ द्या. आणि कुणी “जळतंय” म्हणालं, तर हसण्याआधी एवढंच विचारा, “कुठे?”

हं, ते हृदयाचं राहिलेलं वाक्य. प्रेम केलं हृदयाने, भरून आलं हृदय, दगड झालं तेही हृदयच.

पुरं झालं. कुणाच्या लक्षात आलं का?