एकट्या माणसाचं कॅलेंडर

बाहेरच्या कुणाचा कोड आमच्या वेबसाइटमध्ये घ्यायचा असला, की ऑफिसात आधी बसचा प्रश्न विचारतात. हा लिहिणारा माणूस उद्या बसखाली आला, तर त्याचा कोड कोण सांभाळणार? विचारताना सगळे हसतात. मीही इतकी वर्षं हसत आले.

आम्ही दवाखान्यांसाठी डॉक्टरांची वेळ घेण्याची वेबसाइट चालवतो. तिच्यातला निम्म्याहून जास्त कोड फुकटचा, कधी तोंडही न पाहिलेल्या लोकांनी लिहिलेला. परवा दुसऱ्या एका कंपनीत असल्याच कोडमधून चोर शिरला आणि आमचे साहेब खडबडून जागे झाले. सगळ्याची झाडाझडती घ्या म्हणाले. काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

दिवसभर तेच दळण. हा कोणाचा, यावर शेवटचा हात कधी फिरला, मागे माणसं किती. डोळे चुरचुरायला लागले. संध्याकाळी तारीख निवडायच्या कॅलेंडरपाशी पोचले. मागे एकच माणूस. त्यानं टोपणनाव लावलं असलं, तरी तो माझा दादा आहे हे मला ठाऊक होतं.

पाठीच्या दुखण्यानं दादाची नोकरी सुटली, तेव्हापासून तो घरी बसून हे कॅलेंडर सांभाळतो. मिळत काही नाही. वहिनी याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणते आणि तिचं काही चूक नाही. पण सध्या काय करतोस असं कोणी विचारलं, की दादा आमच्या वेबसाइटचं नाव सांगतो. तेवढंच त्याच्याकडे सांगण्यासारखं उरलंय. आणि तेही मी काढून घ्यायचं? मला साहेबांचा राग आला, माझा स्वतःचा त्याहून जास्त आला.

'ठीक आहे' असं लिहून मोकळी झाले असते, तर कोणी विचारलंही नसतं. पण मागच्या महिन्यात दादा अंथरुणाला खिळला होता, तेव्हा कॅलेंडरमधली एक चूक तशीच पडून राहिली आणि पेशंटांना भलत्याच तारखा गेल्या. म्हणून मी 'धोक्याचं, काढून टाकावं' असं लिहिलं आणि तडक दादाकडे गेले.

तो पोटावर लॅपटॉप ठेवून आडवा पडला होता, कुठल्याशा अनोळखी माणसाच्या तक्रारीला उत्तर लिहीत. मी आधी इकडचं तिकडचं बोलले, मग सांगून टाकलं. वहिनी हात पुसत दारात येऊन उभी राहिली. दादाची कीबोर्डवरची बोटं थांबली.

"चिडलास?" मी विचारलं.

"नाही गं." त्यानं लॅपटॉप बाजूला सरकवला. "तुम्ही वापरता म्हणून तर मला थांबता येत नव्हतं. गोळी घेऊन पडलो तरी वाटायचं, कुणाची तरी तारीख चुकली असेल."

वहिनीनं तोंड फिरवलं.

"हे वापरणाऱ्या बाकीच्यांनाही सांगशील?" दादा म्हणाला. "कॅलेंडर बंद होतंय म्हणून. मी लिहिलं की सगळे गयावया करतात आणि मी परत कामाला बसतो."

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. पहिली मेल लिहून होईपर्यंत त्याला झोप लागली होती.