शेवटच्या जहाजाचा दोर

बंदराच्या साहेबांनी खाडीतला गाळ उपसून मोठ्या जहाजांना वाट करून दिली आणि खर्च काढायला प्रत्येक कंटेनरवर पट्टी बसवली. वाट झकास खोल झाली. जहाजं मात्र पलीकडच्या बंदरात जाऊ लागली. तिथला गाळ सरकार स्वतःच्या खिशातून उपसत होतं.

आलेली जहाजं दोरांनी धक्क्याला बांधणाऱ्या टोळीच्या मुकादमाला अर्थशास्त्र कळत नव्हतं, रिकामा धक्का दिसत होता. नेमाने येणारं एकच जहाज उरलं होतं, टोळीच्या चुली त्यावर पेटत. आज त्याच्या कप्तानानेही पट्टी ऐकली, काही न उतरवता शिडी वर घेतली आणि जहाज ओढून न्यायला पलीकडून ओढबोट मागवली. ती चालवत होता मुकादमाचाच मेहुणा.

टोळीने पुढचे दोर सोडलेही. मागच्या दोराच्या खुंटाशी मात्र मुकादम पहार घेऊन उभा राहिला.

"दाजी, सोडा की!" मेहुणा भोंग्यातून ओरडला. "वारं धक्क्याकडे आहे, आपटेल!"

"माझ्या पोटावर पाय देऊन वर दाजी म्हणतोस?"

"पट्टी काय मी लावली? आम्ही तर बहीणसुद्धा फुकट दिली तुम्हाला!"

टोळी फिदीफिदी हसली. तेवढ्यात साहेबांचा पहारेकरी दोर तोडायला कुऱ्हाड घेऊन आला. मुकादमाने पहार घातली. पहारेकऱ्याचं मनगट कडकन मोडलं. दुसरा धावून आला, त्याचे पुढचे दात धक्क्यावर सांडले.

कप्तान वैतागला. त्याने ओढबोटीला तसंच ओढायला सांगितलं. दोर ताणला, पिळून पाणी गळालं, मग तो गुणगुणू लागला. दोर गुणगुणला की पालथं पडायचं, हे टोळीला मुकादमानेच शिकवलेलं. टोळी पालथी पडली. पडलं तर खुंट सोडावा लागतो, म्हणून मुकादम उभाच राहिला.

तुटलेलं टोक चाबकासारखं आलं आणि त्याचा पाय गुडघ्यापासून घेऊन गेलं.

मेहुण्याने जहाज तसंच सोडलं, बोट पायऱ्यांना ठोकली, उडी मारून आपला कमरपट्टा दाजींच्या मांडीला आवळला. मागे मोकळं जहाज वाऱ्याने धक्क्यावर आदळलं. क्रेन त्यावर आडवी झाली, कंटेनर फुटले, फाटलेल्या पोटात पाणी भरून जहाज जागीच तळाला टेकलं.

"गेलं का रे?" मुकादमाने विचारलं.

"नाही दाजी. बसलंय. आता कुठं जात नाही."

मुकादम समाधानाने हसला आणि बेशुद्ध पडला. बंदराला धक्का तेवढा एकच होता.